सुई हरवली त्या वर्षी

नवतपात कोणी वाकळ शिवते का?
मी शिवते.
आषाढ लागला की हात रोवण्याला जातात,
दिवाळीनंतर जिला तिला तयार पाहिजे असते.
म्हणून माघाची थंडी मी मे महिन्यातच टाचून ठेवते,
कुलरचे शिंतोडे पाठीवर घेत,
आणि लाइन गेली की
तेही न घेता.

सकाळ मात्र वाडीची.
बोरिंगवरून सात गुंड पाणी:
चार वांग्यांना, दोन दोडक्याच्या वेलाला,
एक सांबाराला, आणि त्यातलं सांडेल ते माझ्या पायांना.
सांबार उन्हात तगत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं.
मी चार काड्या रोवून त्याच्यावर जुनं लुगडं ताणलं.
आता तो लुगड्याच्या हिशोबाने वाढतो,
ठिगळाखाली हिरवा,
भोकाखाली पिवळा.

आठ वाजले की दार लोटायचं.
सारवलेल्या भुईवर अस्तर अंथरायचं,
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
पाटा, वरवंटा, दोन किलोचं माप
आणि मांजर.
मांजर उठली की तो कोपरा गोळा होतो.

यंदा पहिली वाकळ मुखरूभाऊजींची.
बावीस वर्षं ते दंडारीत राणी होत.
मग मिशी ठेवली, गुडघे गेले,
आणि राणी पत्र्याच्या पेटीत बसली.
सायत्राबाईने गाठोडं माझ्यापुढे टाकलं,
"पेटी पाह्यजे मले, डाळ ठेवाले."
मोरपंखी साटीनचा शालू, बेगडी काठ,
एक गुलाबी चोळी,
तिच्यात अजून कापूस भरलेला.
कापूस मी काढून घेतला. मधल्या थराला कामी येतो.
साटीन सुईचं ऐकत नाही.
इकडून दाबलं तर तिकडून सरकते.
मी म्हटलं, बाई, राज्य संपलं तुझं,
आता धावदोऱ्याने चाल.

संध्याकाळी भाऊजी उंबऱ्याशी उभे.
आत येत नाहीत, जातही नाहीत.
"पदर वरतं ठेवजो वो वैनी. अस्तरात नोको घालू."
"अंथराले की पांघराले?"
बराच वेळ विचार केला त्यांनी.
"पांघरीन," म्हणाले.

दुसऱ्या मंगळवारी सुई हरवली.
तळवे उलटे करून सगळी वाकळ चाचपली,
गुडघ्यावर रांगले, मांजरीचं पोटही दाबून पाहिलं.
हरवलेली सुई आत ठेवून कोणाला वाकळ देता येत नाही.
शेजारचा प्रज्वल फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आला
आणि गाडी चालवावी तसा तोंडाने आवाज काढत
शालूवरून फिरवू लागला.
काठाजवळ टिक झालं.
टाके उसवले.
सुई नव्हती. टोपाचा आकडा होता, गंजलेला,
त्यात एक लांब केस, नायलॉनचा.

भाऊजींना दाखवला तर हसले.
"ह्याच्याच पायी सिंदेवाहीले
एका हातानं टोप धरून नाचलो ना मी रातभर.
लोकाइले वाटलं, नवी अदा हाय."
आकडा त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला,
खिसा वरून एकदा थोपटला.

सुई सापडली वाडीत, दोडका तोडताना.
माझ्याच पदराला टोचलेली होती.
बोटातून रक्त आलं तेव्हा कळलं.

नवतपाच्या सातव्या दिवशी वाकळ पुरी झाली.
घडी करून देत होते, तर नको म्हणाले.
खांद्यावरून घेतली, पदर पुढे,
आणि त्या उन्हात, डांबर पायाला चिकटत असताना,
बोडीच्या पाळीपर्यंत चालत गेले
पांघरून.
चाल गुडघ्याची नव्हती.
पोरं मागे हुंदडत होती, हसतही होती.
पाळीवर पोचल्यावर त्यांनी एकदा वळून पाहिलं,
माझ्याकडे नाही,
सगळीकडे.

मी घरात आले, दुसरं अस्तर अंथरलं.
पाटा, वरवंटा, माप.
मांजर अजून आली नव्हती.
तो कोपरा मी
पायाने दाबून धरला.